ढवळी थांबायची

गेल्या महिन्यापासून ‘उंबराखाली’ पुन्हा पाहायला मिळू लागलं आहे. मोबाइलवर, रंग उजळून, आवाज स्वच्छ करून. जाहिरातीत लिहिलं आहे, ‘तुमच्या बालपणीचा बाहुल्यांचा कार्यक्रम, जसाच्या तसा.’ मी बसून सगळे भाग पाहिले. जसाच्या तसा नाही. हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ज्यांनी ते सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगितलं असतं त्या शकुताई मागच्या दिवाळीआधी गेल्या. म्हणून मी सांगते आहे.

ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. टीव्हीवर एकच चॅनल होतं तेव्हाची गोष्ट. उंबराच्या झाडाखाली काही प्राणी जमायचे. त्यांत एक पांढरी शेळी होती, ढवळी. तिचं डोकं वाळलेल्या दुधी भोपळ्याचं आणि जबडा जुन्या चपलेच्या टाचेचा. तिला एक नाना घुबड नावाचे शेजारी होते. त्यांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यायचं आणि ते हमखास चुकायचं. गोष्ट अडली की ढवळी नानांकडे पाठ फिरवून सरळ पडद्याबाहेर, म्हणजे आपल्याकडे बघायची आणि विचारायची, “मग? तुला काय वाटतं?”

आणि मग ती थांबायची. नुसती थांबायची नाही, रवंथ करत थांबायची. संगीत बंद, नाना गप्प. फक्त त्या टाचेच्या जबड्याचा करकर आवाज. बराच वेळ. मग ती म्हणायची, “बरं. ऐकलं मी.” आणि गोष्ट पुढे जायची. आपलं उत्तर बरोबर होतं की चूक, हे तिनं कधी सांगितलं नाही.

ढवळी शकुताईंची होती. हात त्यांचा, आवाज त्यांचा, आणि थांबणंही त्यांचंच. ते त्यांच्या अंगातच होतं. फोनवर काही विचारलं की त्या गप्प बसायच्या. समोरचा “हॅलो? हॅलो?” करत सुटायचा.

“आहे मी. तू बोल,” त्या शांतपणे म्हणायच्या.

बँकेतल्या मुलांना वाटायचं आजींना ऐकू येत नाही. भाजीवाल्याला वाटायचं आजी घासाघीस करतायत, आणि तो बिचारा आपणहून भाव उतरवायचा. “मी काही म्हटलंच नाही,” असं त्या मला नंतर हसत सांगायच्या.

त्यांचं माहेर मखमलाबादकडचं, गुलाब आणि शेवंतीचा मळा. पुढचं चरित्र मला नीट माहीत नाही आणि त्यांना ते सांगण्यात रसही नव्हता. मी ओळखायला लागले तेव्हा त्या गंगापूर रोडला एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहत होत्या. साडीवर काळा, लांब बाह्यांचा पुरुषी शर्ट घालायच्या. बाहुल्या नाचवणाऱ्यानं काळं घालायचं, हात दिसता कामा नये, ही कामाची सवय. काम सुटलं, शर्ट राहिला. उजवा खांदा कायम वर चढलेला. बसल्या की तो हात फ्रिजवर, खिडकीच्या गजावर, कुठेतरी उंच टेकवायच्या. खाली ठेवला की दुखतो म्हणायच्या. कुणी “ढवळी किती गोड होती हो” म्हटलं की त्यांना राग यायचा.

“गोड नव्हती. हट्टी होती. शेळी बघितलीय का कधी?”

मी मात्र ढवळीला शकुताईंच्या आधी ओळखत होते. आमचं गाव चांदवड तालुक्यात, हायवेपासून थोडं आत. आमच्या शाळेतले सर नाशिकहून ‘उंबराखाली’च्या व्हिडिओ कॅसेट घेऊन आले. गणपतीसाठी भाड्यानं आणलेला टीव्ही आणि व्हीसीआर आणखी एक दिवस ठेवून घेतला आणि सगळ्या शाळेला एका वर्गात बसवलं. सरांनी आधीच बजावलं होतं, “कुणी आवाज करायचा नाही. बघायचं फक्त.”

ज्या भागाबद्दल मी सांगणार आहे तो तेव्हाच पाहिला. ढवळीला मालकानं खुंट्याला बांधलेलं असतं, कारण तिनं शेजारणीची कोथिंबीर खाल्ली. ती ओढ ओढ ओढते आणि दोर तुटतो. ती धावत उंबराखाली येते. नाना तिला सांगतात, मालक तो मालक, परत जा. ढवळी त्यांच्याकडे पाठ फिरवते. “दोर तर तुटला. आता मी परत जाऊ का नको? मग? तुला काय वाटतं?”

करकर, करकर.

सरांचं बजावणं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. “नको जाऊ!” “जाय, जाय, लय मारीन तो!” “आमच्या घरी ये!” सगळा वर्ग ओरडत होता. आणि त्या गोंधळात मला खिडकीतून एक आवाज ऐकू आला, “जाय बाई परत. पिल्लं हायेत ना तुझी तिथं.”

ती माझी आई होती. कांद्याचं रोप लावायला मला बोलवायला आली होती आणि खिडकीचे गज धरून उभी राहिली होती. ती शाळेत कधी गेली नव्हती. आमच्या घरात निर्णय व्हायचे, पण ते आजोबा आणि वडील बाहेर ओट्यावर बसून करायचे. आईला कुणी “तुला काय वाटतं?” विचारलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं ते एका शेळीनं.

“बरं. ऐकलं मी,” ढवळी म्हणाली आणि भाग संपला. ती परत गेली की नाही ते दाखवलंच नाही. मी वाटेत आईला विचारलं तर ती म्हणाली, “गेली आसंल. कुठं जाईल दुसरीकडं?”

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बी.ए.ला नाशिकला आले आणि शकुताईंच्या इमारतीत दोन मुलींबरोबर एका खोलीत राहू लागले. जिन्यात एका बाईंचा कुरिअरवाल्याशी वाद चालला होता. “पत्ता बरोबर, नाव बरोबर, मग पार्सल माझं नाही असं तुला का वाटतं?” एवढं बोलून त्या थांबल्या. ते थांबणं ऐकून माझे पाय जागीच राहिले. मी तोंड उघडलं आणि भलतंच बोलले.

“तुम्ही ढवळी आहात?”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कुठली तू?”

“चांदवडची.”

“चहा घेतेस?”

तेव्हा कॉलेजात मी बोलणं जवळजवळ बंद केलं होतं. तोंडून ‘हाय’ किंवा ‘नाय’ निसटलं की मागच्या बाकावरून नक्कल व्हायची. शकुताईंकडे मी सगळी वाक्यं आधी मनात धुऊन, इस्त्री करून बोलायचे. त्यांनी चार दिवस ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “हे तू आतून बदलून आणतेस. पहिलं काय आलं होतं तोंडात?”

“लय गोड झालाय चहा,” मी म्हटलं.

“मग तसं सांग ना. मी साखर कमी केली असती.”

आज मी शाळेत मराठी शिकवते. वर्गात प्रश्न विचारून थांबायला मला बी.एड.नं शिकवलं नाही. शकुताईंना मी एकदा विचारलं होतं, “पण किती थांबायचं हे कसं कळायचं तुम्हाला?” शूटिंगला त्या टेबलाखाली बसायच्या, हात वर. घड्याळ दिसायचं नाही, आणि दिग्दर्शक त्यांचा पदर ओढून ‘पुढे चला’ सांगायचे. त्या म्हणाल्या, “मी मनात एक पोर धरायचे. सगळ्यांत बुजरं. हुशार पोरं लगेच ओरडतात. त्यांचं ओरडून झालं, की मग ते बुजरं तोंड उघडतं. त्याचं होईपर्यंत मी चघळत राहायचे. ओढ म्हटलं पदर.”

घाव बसला तो सीडीमुळे. कॅसेटचे दिवस संपले आणि एका कंपनीनं ‘उंबराखाली’च्या सीडी काढल्या. वरच्या मजल्यावरच्या चिनूसाठी त्याच्या आईनं एक आणली आणि कौतुकानं शकुताईंना आणि मला बोलावलं. चिनू बिस्किट खात बसला होता. दोर तुटला. ढवळीनं विचारलं. जबडा जेमतेम दोनदा हलला असेल, तोच कुठूनतरी खणखणीत, शुद्ध आवाजात मुलांचा एक घोळका एका सुरात ओरडला, “हो! तू घरी परत जा!” मागे टाळ्या. करकर पुसून टाकलेली.

चिनू बिस्किट खात राहिला.

प्रत्येक भागात तेच केलं होतं. जिथे जिथे ढवळी थांबली होती, तिथे तिथे ती मुलं उत्तर देत होती. एकसुरी आणि बरोबर. शकुताई टीव्हीकडे पाहत नव्हत्या, चिनूकडे पाहत होत्या. “पोरगं नुसतं बघतंय गं,” त्या म्हणाल्या.

मला मात्र खिडकीतल्या आईची आठवण येत होती. तिची उभी राहायची जागा कुणीतरी भरून टाकली होती. आणि ज्यांनी भरली त्यांनी उत्तरही ठरवून टाकलं होतं. परत जा.

दुसऱ्या दिवशी शकुताई मला घेऊन मेन रोडवरच्या सीडीच्या दुकानात गेल्या. पर्समधून चिकटपट्ट्या काढल्या. रात्री बसून लिहिल्या असाव्यात. स्टँडवरची एकेक सीडी काढून त्या तिच्यावर चिकटवू लागल्या, ‘या सीडीतली शेळी बहिरी आहे.’ खाली सही, ‘ढवळी’.

दुकानदार धावत आला. “ओ आजी! माल खराब करता का माझा?”

“खराब होऊनच आलाय. मी फक्त लेबल लावतेय.”

“आजी, प्लीज. कोण आहात तुम्ही?”

शकुताईंनी उजवा हात वर केला, बोटांचा जबडा केला आणि ढवळीच्या आवाजात म्हणाल्या, “मग? तुला काय वाटतं?”

तो म्हणाला, “मी लहानपणी बघायचो!” त्यानं लेबलं काढली नाहीत. कंपनीच्या माणसानं काढायला लावली असं नंतर कळलं. शकुताई पुन्हा गेल्या, पुन्हा लावून आल्या. कंपनीला लिहून पाहिलं, भेटून पाहिलं. उत्तर एकच, हक्क आमचे आहेत.

मग सीडीही संपल्या आणि वर्षं गेली. अलीकडे एके दिवशी शकुताईंकडे अनीश नावाचा तरुण आला. कार्यक्रम आता ऑनलाइन आणायचा होता. मूळ टेपा बुरशीनं गेल्या होत्या. धड अवस्थेतल्या कॅसेट राहिल्या होत्या त्या एकट्या शकुताईंकडे, लोखंडी कपाटात, कडुनिंबाच्या पाल्यात. शकुताईंचा पत्ता त्यानं मलाच फोन करून मिळवला होता, म्हणून मीही तिथे होते. मुलगा चांगला होता, मनापासून बोलत होता.

“मॅम, कॅसेटवरून चित्र खूप छान येईल. फक्त ते पॉजेस आपण सीडीसारखे ठेवू. मुलांच्या आवाजासकट.”

“का?”

“एवढा वेळ स्क्रीनवर काही घडत नाही ना. लोक पुढे सरकवतात.”

“काही घडत नाही? शेळी रवंथ करतेय.”

“मॅम, लोकांना वाटेल नेट गेलं.”

“वाटू दे. उठतील, ते यंत्र हलवतील, तोवर उत्तर सुचेल.”

तो हसला. म्हणाला, “खरं सांगू? मी त्या सीडी बघूनच मोठा झालो. ती मुलं उत्तर द्यायची ते मला फार आवडायचं.”

“आणि तू काय उत्तर द्यायचास?”

शकुताई थांबल्या. हात खिडकीच्या गजावर. अनीशनं कप उचलला, ठेवला.

“मी… ती द्यायची ना, मॅम.”

“बरं. ऐकलं मी,” शकुताई म्हणाल्या आणि उठून कपाटाला कुलूप लावलं.

जाताना त्यानं अवघडून सांगितलं, तुम्ही नाही दिल्यात तर आम्हाला सीडीवरूनच करावं लागेल. महिन्याभरात कळवा. म्हणजे पुढे कायम जगाला ठाऊक असणार होती ती बहिरी ढवळीच. मी म्हटलं, “शकुताई, निदान थोड्या जागा ठेवायला लावू. अर्धं तरी वाचेल.”

“अर्धं थांबणं म्हणजे काय गं? बुजऱ्या पोराला अर्धंच तोंड उघडायला सांगायचं?”

मग त्यांनी जे ठरवलं ते त्यांनाच सुचू शकतं. व्हीसीआर दुरुस्त करवून घेतला, काळा शर्ट चढवला आणि मला म्हणाल्या, “गाडी काढ. कॅसेट दाखवू. शाळाशाळांतून.”

पहिला प्रयोग दिंडोरीजवळच्या एका शाळेत झाला. तो फसला. दोर तुटला, ढवळीनं विचारलं, करकर सुरू झाली, आणि मुलं गप्प. एकानं शेजारच्याला विचारलं, “हँग झालं का?” ढवळीचं “बरं. ऐकलं मी” त्या शांततेत फार केविलवाणं वाटलं. मुख्याध्यापकांनी आभार मानले. परतीच्या वाटेवर द्राक्षबागांच्या बाजूनं गाडी जात होती.

“तो अनीश बरोबर असेल तर?” शकुताई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून शंका मी पहिल्यांदाच ऐकली. “पोरं आता बोलतच नसतील, तर मी कुणासाठी भांडतेय?”

घर आलं तशा त्याच म्हणाल्या, “पुढचा प्रयोग तुझ्या गावात.”

आमची शाळा आता सिमेंटची आहे, पण खिडक्या तशाच रुंद. मुलं जमिनीवर, गावातल्या काही बाया मागे. आई आली होती. वडील गेल्यापासून ती भावाकडे राहते. भाऊ तिच्या वाटणीची जमीन आपल्या नावावर करायला कागदावर तिचा अंगठा मागत होता, आणि घरात सगळे तिला समजावत होते. मी तिला प्लास्टिकची खुर्ची दिली. ती बसली नाही, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

दोर तुटला. नाना म्हणाले, मालक तो मालक. ढवळीनं पाठ फिरवली. “आता मी परत जाऊ का नको? मग? तुला काय वाटतं?”

करकर, करकर.

मुलं गप्प. आमचे नवे सर अस्वस्थ होऊन रिमोटकडे वळले.

“हात लावू नका!” शकुताई एवढ्या जोरात बोलल्या की पहिली रांग दचकली. पडद्यावर जबडा हलत होता. शकुताईंचे ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, आता संपेल. आता ती ‘ऐकलं मी’ म्हणेल आणि कुणी काहीच बोललेलं नसेल.

“नको जाऊ.”

आवाज मागून आला. आई होती.

“आजिबात जाऊ नको, बये. पिल्लं मोठी झाली आता. कशाला जाती?”

सगळी मुलं वळून बघायला लागली. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एक मुलगी उभी राहून म्हणाली, “आवो आजी, पण तिला रातचं लांडगं खातील ना!” “उंबरावर चढंल!” “शेळी चढती का झाडावर?” “चढती! आमची चढती!” आणि वर्ग फुटला. लय, नाय, हाय, सगळं एकमेकांत. पडद्यावरची ढवळी “बरं. ऐकलं मी” म्हणाली ते कुणाला ऐकूही गेलं नाही. सरांनी कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली, पुन्हा तोच गलका.

शकुताईंच्या पर्समधला फोन वाजला तो तेव्हाच. अनीश. महिना संपत आला होता.

“मॅम, शेवटचं विचारतोय. काय ठरवलंत? आपण तीन सेकंद ठेवू, चालेल?”

त्यांनी फोन कानापासून काढला आणि वर्गाच्या दिशेनं धरला. बराच वेळ धरला. मग पुन्हा कानाला लावून म्हणाल्या, “हे बसतंय का बघ तुझ्या तीन सेकंदांत.” आणि फोन बंद केला.

कॅसेट त्यांनी त्याच दिवशी शाळेला देऊन टाकल्या. कंपनीनं सीडीवरचंच प्रसिद्ध केलं, ते तुम्ही आता पाहताच आहात. पाहा, पण एवढं लक्षात ठेवून पाहा की त्या टाळ्या वाजतात तिथे एक जागा होती, आणि ती तुमची होती. खरी ढवळी आमच्या गावच्या शाळेच्या कपाटात आहे. ज्याला यायचं त्यानं यावं. आईनं अंगठा दिला नाही, अजूनही दिलेला नाही.

त्या दिवशी निघताना मी गाडी वळवून फाटकाशी आणली. मुलं दोन्ही बाजूंनी धावत होती. आई बाजूला उभी होती. शकुताई माझ्या मागच्या सीटवर, काच खाली. त्यांनी डाव्या हाताचा आधार देऊन उजवा हात कोपरापासून उचलला आणि खिडकीबाहेर काढला. काळी बाही, चार बोटं वर, अंगठा खाली. तो जबडा आईकडे वळला.

“मग? जाऊ का आता?” ढवळीनं विचारलं.

मी गाडी पुढे काढणार होते. त्यांनी न बघताच डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. खिडकीबाहेर बोटं सावकाश रवंथ करत होती. आई पदर तोंडाला लावून हसत होती, उत्तर शोधत होती, आणि मागे हायवेकडे जाणारा एक ट्रॅक्टर भोंगा वाजवत होता. वाजवू दे. आम्ही थांबलो होतो.